शेततळ्याच्या उघड्या भरावावर गवताचे बी केव्हा पेरावे?

प्रश्न: उन्हाळ्यात खोदलेल्या शेततळ्याचा भराव उघडा असून वळवाच्या पहिल्याच सरीने त्यात घळी पडल्या आहेत. मारवेलचे बी आताच टाकावे काय?

उत्तर १: वळवाच्या भरवशावर पेरू नये, कारण उगवलेले कोंब पुढच्या उघडिपीत करपतात. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर घळी बुजवून, उताराला आडव्या उथळ रेघा ओढाव्यात आणि ते हलके, कुसळाचे बी ओलसर बारीक मातीत कालवून पेरावे. सेंटीमीटरभराहून खोल गाडू नये.

उत्तर २: पाण्यालगत मात्र बी वाहून जाते, म्हणून तिथे हरळीच्या मुळ्या फुटलेल्या कांड्या आणि सांडव्याच्या दोन्ही कडांना वाळ्याचे ठोंब लावावेत.

प्रश्नकर्ता: शेळ्या आवरणे कठीण आहे.

उत्तर १: तरीही पहिल्या पावसाळ्यात चराई पूर्ण बंद ठेवावी, गवत कापूनच घालावे.