मदत हवी आहे: असिंक्रोनस पाईपलाईन, एकेक स्टेज फास्ट पण जोडली की ढिम्म

खानापूरकर:
नमस्कार मंडळी, बेळगावात एमटेक करायलोय, व्हीएलएसआय (चिप डिझाइन), प्रोजेक्ट बिनक्लॉकच्या (असिंक्रोनस) पाईपलाईनवर घेतलोय, म्हंजे एका क्लॉकच्या ठोक्यावर चालायच्या जागी शेजारच्या स्टेज एकमेकांना विचारून डेटा पुढं सरकवतात. सदरलंडनी १९८९ ला मांडलेली मायक्रोपाईपलाईन माहीत असेलच, त्याच घराण्यातली, फक्त हँडशेक (स्टेजमधली रिक्वेस्ट आणि अ‍ॅक म्हंजे पोचपावती यांची देवाणघेवाण) टू-फेजच्या जागी फोर-फेज, म्हंजे दर टोकनला दोन्ही वायर परत शून्यावर येतात. प्रत्येक स्टेजला म्युलर सी-एलिमेंट (सगळे इनपुट सारखे झाले तरच आउटपुट बदलणारं गेट), डेटा बंडल्ड (डेटाच्या वायरींसोबत वेगळी रिक्वेस्टची वायर), रिक्वेस्टच्या वायरवर मॅच्ड डिले, म्हंजे डेटा पोचेपर्यंत रिक्वेस्ट थांबवणारा. सरळ साखळी सिम्युलेशनमध्ये ५ नॅनोसेकंदाला एक टोकन (डेटाचा एक नग) सोडते, मस्त. पण आता फोर्क टाकलो (टोकन दोन फांद्यांत), एका बाजूला ६ स्टेजचा मल्टिप्लायर (स्टेजला साधारण २ नॅनोसेकंद), दुसऱ्या बाजूला नुसता ऑपरंड (बेरजेचा दुसरा आकडा) नेणारा एकच लॅच (डेटा धरून ठेवणारा), आणि पुढं जॉइन करून बेरीज, तर आउटपुट डायरेक्ट १४ नॅनोसेकंदावर गेलंय की ओ! एका स्टेजचा डिले घासून बघितलो, जेमतेम नॅनोसेकंदभर फरक. गाईड म्हणतात क्लॉक घाल आणि मोकळा हो. माऊसट्रॅपवर (बिनक्लॉकच्या पाईपलाईनचा दुसरा प्रकार) जाऊ काय, सिंग आणि नोविक यांचं, लॅच आणि एक्सनॉर गेटवालं? का दुसरं काही आहे?

निपाणीकर:
भावा कंट्रोलर बदलून काही होणार नाही, तुझा प्रॉब्लेम स्लॅकचा आहे, म्हंजे आखूड फांदीत टोकन मावायला जागा कमी. आखूड फांदीतलं टोकन जॉइनपाशी जाऊन उभारतं, मल्टिप्लायरमधून जोडीदार येईपर्यंत लॅच रिकामा होत नाही, त्यामुळं फोर्कला पुढचं टोकन सोडता येत नाही. म्हंजे सहा स्टेज असून मल्टिप्लायरमध्ये एका वेळी एकच टोकन फिरतंय, पाईपलाईन नावालाच. १२ जायला, वर अ‍ॅक मागं यायला, झाले १४.

आखूड बाजूला रिकामे बफर घाल. किती, तर मल्टिप्लायरचे १२ भागिले टोकनमागचे ५, अडीचच्या आसपास टोकन तिथं मावायला पाहिजेत, तीन धर. आणि तुझा साधा सी-एलिमेंटवाला कंट्रोलर हाफ-बफर आहे, एकाआड एक स्टेजमध्येच टोकन बसतं, म्हणून सहा स्टेज लागतील. एरिया वाचवायचा असला तर फर्बर आणि डे यांचा फुली डिकपल्ड लॅच कंट्रोलर बघ, तो प्रत्येक स्टेजला टोकन धरतो.

टिळकवाडीवाली:
वरचं बरोबर आहे, फक्त एक, पुढं अ‍ॅक्युम्युलेटर (मागच्या बेरजेत पुढचा आकडा मिळवत जाणारा, आउटपुट परत इनपुटला) लावणार असाल तर त्या लूपमध्ये असेच बफर कोंबू नका हं. लूपमध्ये एकच टोकन फिरत असेल तर प्रत्येक जादा स्टेज म्हणजे फेरा लांबला, थ्रूपुट (ठराविक वेळात निघणारी टोकनं) उलट पडतं. तिथं फॉरवर्ड लेटन्सीच (टोकन पुढं सरकायला लागणारा वेळ) कमी करावी लागते. आणि मॅच्ड डिले असिमेट्रिक केलात काय? रिक्वेस्ट चढताना सावकाश, उतरताना झटपट, नाहीतर फोर-फेजमध्ये रिटर्न-टू-झीरोला तेवढाच वेळ फुकट जातो.

खानापूरकर:
असिमेट्रिक आधीपासूनच आहे ताई. बफर घातलो, साडेपाचवर आलं!! आता एफपीजीएवर (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जोडता येणारी चिप) चढवायला गेलो तर टूल डिलेचे बफर फालतू समजून उडवायलंय, सी-एलिमेंटला कॉम्बिनेशनल लूप (आउटपुट परत स्वतःच्याच इनपुटला) म्हणून वॉर्निंग वेगळीच. ह्याला काय करायचं?

निपाणीकर:
डोंट-टच (टूलला ‘हे उडवू नको’ सांगणारं) अ‍ॅट्रिब्यूट लाव आणि डिलेचे एलयूटी (एफपीजीएतले लहान लॉजिक ब्लॉक) हातानं एका जागी बसव, टूलच्या राउटिंगवर (वायरी टाकण्यावर) सोडलास तर दर वेळी वेगळा डिले येईल. लूपची वॉर्निंग राहू दे, पण टायमिंग रिपोर्टवर भरवसा ठेवू नको, डेटा रिक्वेस्टच्या आधी पोचतोय का ते प्रत्येक स्टेजला राउटिंगनंतर स्वतः तपास.