नक्षीच्या सिमेंट फरशीला ॲसिड नकोच
या फरशीवरचे ग्राउटचे (सांधे भरायच्या मसाल्याचे) डाग काढायला पातळ ॲसिड मारा, असं एकाने सुचवलंय. अजिबात नको! ही फरशी भट्टीत भाजलेली नसते, साच्यात दाबून पाण्यात मुरवलेली असते. रंगाचा थर जेमतेम 3-4 मिमी, तोही सिमेंटचाच. ॲसिड पडलं की फसफसतं आणि तेवढा भाग फिका, खरबरीत होतो. लिंबू सांडलं तरी तेच.

डाग टाळायचे तर फरशी पूर्ण वाळल्यावर आधी मुरणाऱ्या सीलरचा (डाग आत शिरू न देणाऱ्या द्रवाचा) एक हात, मग ग्राउट, तोही फिकट रंगाचा. सांधा 2 मिमी पुरे. गवंड्याला हातोडी मारू देऊ नका, हाताने दाबून बसवायला सांगा. ठोकल्याने पडलेल्या केसाएवढ्या चिरा ग्राउट भरल्यावरच दिसतात. पांढरा क्षार फुटत असेल तर खाली ओल आहे, ती जाईपर्यंत सीलरचा दुसरा हात थांबवा.