बाबांची निळी वही आणि "मला नाही आता जमत"

केतकी_सांगली
काल माळा आवरताना बाबांची निळी वही सापडली. १९९१ मध्ये त्यांच्या पतसंस्थेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हाची. "कंट्रोल के एस – साठवणे. के डी – साठवून बाहेर. के क्यू – न साठवता बाहेर." शेवटच्या ओळीखाली लाल शाईच्या दोन रेघा. वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांनी वर्डस्टार, म्हणजे तेव्हाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर, असं पाठ केलं होतं.

तोच माणूस गेल्या आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी मोबाइलवर जन्मतारीख भरताना थकला. कॅलेंडर उघडलं चालू महिन्यावर. १९४८ गाठायचं तर बाण दाबत एकेक महिना मागे. कसेबसे १९९० पर्यंत पोचले, तर "वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा". फोन खाली ठेवून म्हणाले, "मला नाही आता जमत." फार लागलं मला ते. चूक त्या पडद्याची, आणि ओशाळले बाबा.

तुमच्या घरचे अनुभव लिहा ना.

रानजाई
अगदी अगदी. आमच्याकडे फोटो "५० केबीच्या आत" हवा होता. सासरे विचारतात, केबी म्हणजे किती बाय किती? शेवटी केंद्रावर पैसे देऊन करून आणलं. फोटो मोठा असेल तर लहान करून घ्यायला त्या कॉम्प्युटरला काय अवघड आहे?

मुळशीकर
केतकी, कॅलेंडरमध्ये वर साल लिहिलेलं असतं त्यावर बोट ठेवून बघ. बऱ्याच ठिकाणी वर्षांची यादी उघडते.

केतकी_सांगली
काय सांगता! हे कुठे लिहिलेलं असतं?

मुळशीकर
कुठेच नाही. मला भाचीने दाखवलं.

पिंपळपान
मी असे पडदे बनवायचं काम करते, म्हणून राहवलं नाही. आमच्या एका फॉर्मवर प्रश्न होता, "अर्ज रद्द करायचा का?" आणि खाली दोन बटणं, "ओके" आणि "रद्द करा". आम्ही सहा जणांनी तपासलं, कुणाला काही खटकलं नाही. ऑफिसात चहा देणाऱ्या मावशींना सहज दाखवलं. त्या म्हणाल्या, "ताई, अर्ज ठेवायचा असेल तर कुठलं दाबू?" त्याच दिवशी बटणं बदलली: "अर्ज ठेवा", "अर्ज काढून टाका". "प्रविष्ट करा"चंही "पाठवा" केलं. तेव्हापासून नवखं माणूस शेजारी बसवल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही. बसवायचं आणि आपण गप्प राहायचं. बोट कुठे अडखळतं ते दिसतं.

जमाखर्च
थोडं वेगळं मत. सोपं करायचं म्हणजे सगळं लपवायचं नाही. मी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर २० वर्षं काम करतेय. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, माउसला हातही लागत नाही. पण नवीन मुलगी आली की तिला कळा पाठ करायला लावत नाही मी, त्या उजवीकडे लिहिलेल्या असतात. बघत बघत बोटांत बसतात. नवख्याला दिसेल आणि जुन्याला अडणार नाही, दोन्ही हवं. केतकीच्या बाबांना वर्डस्टार जमलं, कारण तेही आपल्या कमांड पडद्यावरच मांडून ठेवायचं.

शुभ्रा७
बरोबर. आणि वेळेची घाई नव्हती.

रानजाई
माउसवरून आठवलं, माझी आई माउस शिकली ती पत्ते खेळून! विंडोजमधला सॉलिटेअर. पत्ता उचलून दुसरीकडे ठेवता ठेवता हात बसला. मग २००३ ला एमएस-सीआयटी केलं तिने, ५२ व्या वर्षी. सर्टिफिकेट अजून देवघराच्या भिंतीवर आहे.

शुभ्रा७
किती गोड! आईंना नमस्कार सांग.

अंतर्नाद
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर ऐकून काम करतो. बटणांना नावं दिलेली नसली की मला नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. पिंपळपान, पुढच्या वेळी माझ्यासारखा कुणी शेजारी बसवाल का?

पिंपळपान
नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मुळशीकर
अवांतर: जुन्या वहीची शाई उडायला लागते, स्कॅन करून ठेवा. आमच्या आजोबांची जमिनीची टिपणं अशीच गेली.

केतकी_सांगली
करते आज. बाबांना सालावर बोट ठेवायला सांगितलं. यादी उघडली, १९४८ सापडलं, फॉर्म गेला! आता वहीचं कोरं पान काढून लिहून घेतायत: "वरील साल दाबणे." लाल पेन शोधतायत. कुकरची शिट्टी झाली, रात्री येते.