ओठातली गाठ आणि रात्रीचं गूगल

भावाला खालच्या ओठाच्या आत गाठ आलीय, दुखत नाही पण तो रात्रभर गूगल करत बसतो म्हणालात, तर आधी त्याचा मोबाईल काढून घ्या बरं. मऊ, निळसर फुगवटी असेल तर बऱ्याचदा ओठ चावला जाऊन लाळेची बारीक नळी फुटते नि लाळ आत साचते, म्युकोसील म्हणतात त्याला. पण अंदाज आपण नको करायला, दोन आठवड्यांत गेली नाही तर ओरल सर्जनला, म्हणजे तोंडाची ऑपरेशन्स करणाऱ्या डॉक्टरला दाखवाच, तंबाखू-गुटखा-सुपारी असेल तर तेवढंही थांबू नका. बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगितली म्हणजे कॅन्सरच असं नाही हो, शंका फेडायलाच करतात ती. आणि सारखं जिभेने चाचपणं बंद, त्याने अजून सुजतं नि टेन्शन वाढतं ते वेगळंच.