हेयरबाईंची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’: वॉटर्लूने कादंबरी तारली की बुडवली?

शेरेबाज

रीजन्सी (म्हणजे इंग्लंडातला १८११-२०च्या आसपासचा काळ) प्रेमकथा म्हटलं की जॉर्जेट हेयरच्या त्याच चार-पाच पुस्तकांवर चर्चा होते आणि ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ (१९६१) कोपऱ्यात पडून राहते. म्हणून हा धागा. पुढे शेवट फोडला आहे, वाचायची असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

कथानक थोडक्यात. साल १८१४. वेलिंग्टनच्या सैन्यातला कॅप्टन अ‍ॅडम डेव्हरिल वडील अचानक गेल्यामुळे घरी येतो. वडिलांनी जुगारात आणि सट्ट्यात सगळं फुंकलेलं. हाती उरलं काय, तर व्हायकाउंट लिंटन ही पदवी, लिंकनशरमधला फाँटली प्रायरी हा पिढीजात वाडा आणि कर्जाचा डोंगर. प्रेम जूलियावर, पण लग्न करतो जेनी चॉलीशी. जेनी सिटीतल्या, म्हणजे लंडनच्या व्यापारी पेठेतल्या, गडगंज व्यापाऱ्याची एकुलती एक; बुटकी, जाड, अबोल आणि जूलियाची शाळेतली मैत्रीण. तिचं अ‍ॅडमवर आधीपासून मन आहे, याचा त्याला पत्ता नाही.

माझं मत असं की ही कादंबरी प्रेमाची नाहीच, मिंधेपणाची आहे, आणि म्हणूनच थोर आहे. सासरा चॉली मनाने दिलदार, पण त्याची प्रत्येक भेट जावयाला बोचते. ग्रोव्हनर स्ट्रीटवरचं घर तो न विचारता सजवून देतो, मगरीच्या पायांच्या सोफ्यांसकट! जावई आभार मानतो आणि आतून जळतो. घेतल्याशिवाय गत्यंतर नाही आणि घेतलं की मान खाली, ही कोंडी हेयरबाईंनी इतकी पक्की बांधली आहे की पुढे काय होणार याची खरोखर उत्सुकता लागते.

आणि मग काय होतं? वॉटर्लू. वेलिंग्टन नेपोलियनकडून हरला अशी आवई उठते, सरकारी रोखे कोसळतात, सासरा म्हणतो विकून मोकळा हो, जावई बँकेकडून पैसे उचलून उलट खरेदी करतो. विजयाची बातमी येते आणि साहेब कर्जमुक्त. इतका गुंतागुंतीचा प्रश्न उभा करून उत्तर लॉटरीच्या तिकिटाने? माझ्या मते इथे लेखिकेने हाय खाल्ली.

पलटणवाला

सपशेल असहमत. लॉटरी म्हणजे आंधळेपणाने लावलेला पैसा. अ‍ॅडम ५२व्या पलटणीत लढलेला माणूस आहे. स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातल्या मोहिमेत वेलिंग्टनची माघार कशी असते, हे त्याने आतून पाहिलं आहे. लंडनच्या सट्टेवाल्यांना माघार म्हणजे पराभव वाटतो. अ‍ॅडमला ठाऊक आहे की हा सेनापती बरी जागा मिळेपर्यंत मागे सरकतो आणि तिथे पाय रोवतो. १७ जूनला बेल्जियममधल्या कात्र-ब्राहून वॉटर्लूकडे तो सरकला ते नेमकं हेच.

तारखा बघा. लढाई झाली रविवारी, १८ जून १८१५ला. मेजर हेन्री पर्सी विजयाचा खलिता आणि जिंकलेली दोन फ्रेंच गरुडचिन्हं घेऊन लंडनला पोचला २१ तारखेच्या रात्री. मधले तीन दिवस शहरात फक्त वावड्या. पुस्तकातला ताण याच तीन दिवसांवर उभा आहे आणि तो खरा आहे. बाईंनी त्याआधी ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या कादंबरीत हीच लढाई सविस्तर लिहिली होती, गृहपाठ चोख होता.

शिवाय कथेच्या दृष्टीनेही हे बरोबर आहे. सासऱ्याच्या राज्यात पैसा हीच एक विद्या, आणि त्यात जावई शून्य. इथे जावयाची स्वतःची विद्या सासऱ्याच्या विद्येवर मात करते, तीही सासऱ्याच्याच मैदानात. याहून नेमका शेवट कुठला हवा होता?

अवांतर: याच वेलिंग्टनने जालन्याजवळच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. नेपोलियन त्याला ‘शिपायांचा जनरल’ म्हणून हिणवायचा, ते या हिंदुस्थानातल्या कारकिर्दीवरूनच.

तेजीमंदी

दोघांचंही चुकतंय, कारण कोणी आकडे मांडलेच नाहीत.

सरकारी रोख्यांपैकी मुख्य म्हणजे कॉन्सोल्स. १०० पौंड दर्शनी किमतीवर वर्षाला ३ पौंड व्याज, मुद्दल परत करायची मुदत नाही. युद्धाच्या काळात भाव दर्शनी किमतीच्या कितीतरी खाली. जून १८१५मध्ये पन्नाशीच्या वर, साठीच्या आत. भाव ५७ धरला तर परतावा पडतो सुमारे सव्वापाच टक्के.

आता समजा नायकाने २०,००० पौंड रोख घालून ५७ने घेतले आणि विजयानंतर ६१ने विकले. नफा जेमतेम १,४०० पौंड. एवढ्यात पिढीजात गहाणं सुटत नाहीत. वॉटर्लूच्या बातमीने कॉन्सोल्स काही दुपटीने वाढले नव्हते. रॉथ्सचाइल्ड या सावकाराने त्या दिवशी अमाप माया जमवली ही दंतकथासुद्धा १८४६च्या एका फ्रेंच चोपड्यातून पसरलेली आहे.

मग मोठा पैसा करायचा मार्ग कुठला? दोन होते. एक, ऑम्नियम. सरकारने नवं कर्ज काढलं की त्याचा हा एकत्र गठ्ठा हप्त्याहप्त्याने भरायचा असे, म्हणजे थोडी रक्कम भरून मोठ्या रकमेवर चढ-उतार खेळता येई. त्याच जूनमध्ये ३ कोटी ६० लाखांचं नवं कर्ज निघालं होतं. दुसरा मार्ग वायद्याचा: हिशोबाच्या दिवशी फक्त फरक द्यायचा-घ्यायचा. १७३४च्या बर्नार्ड कायद्याने असे फरकाचे सौदे बेकायदा होते, तरी सर्रास चालत; फक्त समोरच्याने हात वर केले तर कोर्टात दाद नाही.

म्हणून माझं म्हणणं: बाजारातली घबराट पटते, खरेदीचा निर्णय पटतो, नफ्याचं माप पटत नाही.

शेरेबाज

@तेजीमंदी, हे भारी आहे, पण माझ्याच मुद्द्याला बळ देतंय. म्हणजे लॉटरी ती लॉटरीच, वर बक्षिसाची रक्कमही फुगवलेली.

@पलटणवाला, विद्येचं मान्य. पण मग मिंधेपण सुटलं ते पैशाने. पैशाने आलेलं ओझं पैशानेच उतरवलं, तर माणसं बदलली कुठे?

पलटणवाला

बदलली ना. कर्ज फेडायला निघाल्यावर सासरा दुखावतो, हा भाग विसरलात? चॉलीला पैसे परत नकोच आहेत. ती गहाणं त्याने मुद्दाम विकत घेऊन ठेवली होती, कारण तोच त्याचा या घराशी धागा. जावयाला तिथे पहिल्यांदा कळतं की देणाऱ्यालाही घेणारा लागतो. पैसा आल्यावरच हे कळू शकतं; नसताना त्याचा स्वाभिमानच एवढा मोठा होता की दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि घबराटीबद्दल एक पुरवणी. वॉटर्लूच्या आदल्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १८१४ला, लष्करी गणवेशातला एक भामटा डोव्हरला प्रकटला आणि नेपोलियन मेला अशी बातमी त्याने लंडनपर्यंत पोचवली. सकाळी भाव चढले, दुपारपर्यंत उतरले, आणि प्रकरणात लॉर्ड कॉक्रेनसारख्या आरमारी वीराला शिक्षा झाली. तेव्हा बाजार अफवेवर नाचतो हे १८१५च्या लंडनकराला काही नवीन नव्हतं.

कुळकायदा

रोख्यांच्या नादात जमीन राहिली. ‘वारसाबंधन असताना हा फाँटली विकायला कसा निघतो?’ अशी शंका या पुस्तकावर हमखास निघते, तेव्हा आधीच खुलासा.

इंग्रज जमीनदारांची पद्धत अशी: बाप फक्त हयातीपुरता मालक, खरी मालकी थोरल्या मुलाकडे जाणार. मुलगा २१ वर्षांचा झाला की त्याला वार्षिक तनखा देऊन त्याच्या सहीने नवा करार करायचा. आता तोही हयातीपुरता मालक आणि मालकी त्याच्या मुलाकडे सरकली. दर पिढीला हे केलं तरच बंधन टिकतं. एका पिढीने सही चुकवली की साखळी तुटली. मग बाप गेल्यावर मुलगा कोर्टात एक लुटुपुटीचा दावा लावून बंधन मोडू शकतो आणि वाडा विकू शकतो. तो दावा १८३३पर्यंत चालत होता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हयातीपुरत्या मालकाने केलेलं गहाण त्याच्याबरोबरच संपतं. फाँटलीवरची गहाणं बापामागे जिवंत आहेत, याचा अर्थ एक तर बाप पूर्ण मालक होता किंवा मुलाने सज्ञान झाल्यावर सही केली होती. काहीही धरलं तरी वाडा विकता येतो, म्हणजे कथानक कायद्यात बसतं.

तिसरी गंमत: शिंपी, दारूवाला, सोनार यांची साधी उधारी मयताच्या जमिनीतून वसूल करायचा हक्क सर्वसाधारणपणे १८३३च्या कायद्याने आला. त्याआधी रोकड, घोडे, भांडीकुंडी विकून येईल तेवढंच. म्हणजे अ‍ॅडमने ठरवलं असतं तर बापाच्या कित्येक देणेकऱ्यांना वाटाण्याच्या अक्षता लावता आल्या असत्या. तो लावत नाही. शिवाय आईची तजवीज आणि दोन बहिणींचे हुंडे. जेनीशी लग्न त्याच्यावर कायद्याने लादलेलं नाही, अब्रूने लादलं आहे. हे लक्षात घेतलं की नायक बिचारा वाटत नाही, हट्टी वाटतो.

गुलबकावली

तुमचे रोखे आणि गहाणखतं चालू द्या, पण हा धागा प्रेमकथेचा आहे ना? मग स्पष्ट बोलते: प्रेमकथा म्हणून हे पुस्तक नापास.

रीजन्सी प्रेमकथेचा वाचकाशी एक करार असतो. दोघांना एकमेकांची ओढ वाटली पाहिजे, ती वाढताना दिसली पाहिजे, आणि शेवटी दोघांनी एकमेकांना निवडलं पाहिजे. इथे नायक शेवटपर्यंत जूलियाकडे बघून उसासे टाकतो. जूलिया मार्क्विस ऑफ रॉकहिलशी लग्न करून मोकळी होते, हा मात्र अजून उसासतोच. शेवटी बायकोला जे सांगतो त्याचा सारांश असा की ते तरुणपणाचं स्वप्न होतं, तुझ्याशिवाय मात्र माझं चालणार नाही. आवडता सोफाही माणूस हलवू देत नाही! जेनीने पुस्तकभर त्याच्या आवडीनिवडी पाठ करायच्या आणि बक्षीस म्हणून ‘तू सोयीची आहेस’ ऐकायचं?

आपल्याकडच्या वाचकांना हे पुस्तक आवडतं त्यात मला नवल वाटत नाही. लग्न आधी, प्रेम नंतर, तेही जमलं तर. याची आपल्याला सवय आहे. पण सवय आहे म्हणून ते प्रेम ठरत नाही.

शेरेबाज

+१ नाही देणार, पण करारभंगाचा मुद्दा बिनतोड आहे. हेयरचे निष्ठावंतही याच पुस्तकावरून भांडतात.

सुईणबाई

@गुलबकावली, ओढ दिसत नाही म्हणता, तर जेनीच्या गरोदरपणाची प्रकरणं पुन्हा उघडा. मला तिथे ती स्वच्छ दिसते.

सासरा लंडनचा सगळ्यात महागडा प्रसूतितज्ज्ञ आणतो: डॉ. क्रॉफ्ट. हा खराखुरा माणूस. त्याचं शास्त्र असं की गर्भारशीच्या अंगात रक्ताचा जोर वाढलेला असतो, तो उतरवायचा. म्हणजे मांस बंद, आहार अगदी हलका, अधूनमधून रक्त काढायचं. चांगली जेवणारी, कामाची सवय असलेली बाई आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवली तर काय होणार? जेनी कोमेजते, रडू येतं, उठवत नाही. आणि बाप सांगतो, डॉक्टर म्हणतात तसं कर. कारण तिची आई बाळंतपणात गेलेली. माणूस भीतीपोटी क्रूर होतो, तो असा.

आता अ‍ॅडम काय करतो ते बघा. ज्या सासऱ्यासमोर तो पैशाच्या बाबतीत कायम नमतं घेत आला, त्याच्यासमोर इथे तो ठाम उभा राहतो आणि तिला फाँटलीला घेऊन जातो. स्वतःच्या मानासाठी जे जमलं नाही ते तिच्यासाठी केलं. त्या काळातल्या नवऱ्याने प्रसूतितज्ज्ञाचा सल्ला धुडकावणं ही लहानसहान गोष्ट नव्हती.

१९६१च्या वाचकाला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी जेनीला माहीत असणं शक्य नाही. याच क्रॉफ्टने १८१७मध्ये युवराज्ञी शार्लटवर असेच उपाय केले. सुमारे पन्नास तास कळा, मूल ओढून काढायचे चिमटे वापरलेच नाहीत, मूल मृत जन्मलं आणि ६ नोव्हेंबरच्या पहाटे तीही गेली. पुढच्या फेब्रुवारीत क्रॉफ्टने स्वतःवर गोळी झाडली. हे मनात ठेवून ती प्रकरणं वाचा, मग सांगा हे ‘सोयीचं’ लग्न आहे का.

गुलबकावली

प्रकरण ताकदीचं आहे, नाही म्हणत नाही. पण काळजी घेणं वेगळं. चांगला मालकही आजारी घोड्याची काळजी घेतो.

सुईणबाई

घोड्यासाठी तो सासऱ्याशी भांडला नसता.

तेजीमंदी

सुखान्ताबद्दल सगळे एवढे निश्चिंत दिसताय म्हणून. अ‍ॅडमची सगळी स्वप्नं शेतीत: नॉरफोकचा शेतीसुधारक जमीनदार कोक याच्यासारखा सलगम-जव-क्लोव्हर-गहू असा चार वर्षांचा फेरा, पाणथळ जमिनीचा निचरा. आता बाहेर काय चाललंय? मार्च १८१५च्या धान्य कायद्याने गव्हाचा भाव क्वार्टरला (हे धान्याचं माप) ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गव्हाला बंदी घातली, कारण भाव पडू लागले होते. १८१६ला उन्हाळाच आला नाही, तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे. फेन्समधलं (लिंकनशरकडच्या सखल पाणथळ भागातलं) पाणी तेव्हा पवनचक्क्यांवर उपसत. वारा पडला की शेत पाण्याखाली. वाफेचे पंप आले १८२०च्या दशकात. म्हणजे रोख्यांतला नफा निचऱ्यात घालणारा हा गृहस्थ पुढची काही वर्षं पुन्हा सासऱ्याच्या दारात उभा दिसला तर आश्चर्य नाही.

शेरेबाज

मग तर माझं सगळं म्हणणं मागे. मिंधेपण सुटलंच नाही, कादंबरी अजून थोर!

कुळकायदा

सासऱ्याच्या दारात जायची वेळ येणार नाही. पोरगा झालाय, गाइल्स. आजोबा रसेल स्क्वेअरहून स्वतःच पाकीट घेऊन येतील.

गुलबकावली

ठीक. मला ओढ असलेलं सुचवा एखादं, याच बाईंचं.

सुईणबाई

‘व्हेनेशिया’ (१९५८). नायक बदनाम, नायिका पंचविशीची आणि डोकं ठिकाणावर असलेली, दोघांना बोलायला एकमेकांशिवाय कोणी नाही. पुढे ‘कोटिलियन’ (१९५३) घ्या, नायक अजिबात नायकासारखा नाही तरी जिंकतो. ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) सगळे सुचवतील. मजा आहेच, पण त्यातल्या ज्यू सावकाराचं चित्रण निखालस द्वेषाचं आहे, ते माहीत असू द्या.

पलटणवाला

‘व्हेनेशिया’त लढाई नाही.

गुलबकावली

म्हणूनच मागवलं.