नवा थर्मोस्टॅट लावला, स्क्रीन कोरीच. पीस खराब की वायरिंग?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. घर एडिसन, न्यू जर्सीत. तळघरात घर गरम करणारी गॅस फर्नेस, बाहेर एसीचं युनिट, दोन्ही भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवरून चालू-बंद होतात. आधीचा थर्मोस्टॅट दोन पेन्सिल सेलवर चालणारा, चार वायरींचा: लाल आरला (वीज), पांढरी डब्ल्यूला (हीट), पिवळी वायला (एसी), हिरवी जीला (पंखा). तो काढून स्मार्ट थर्मोस्टॅट लावला. याला सी, म्हणजे विजेच्या परतीची वायर लागते. भिंतीतल्या केबलमध्ये एक निळी वायर गुंडाळून ठेवलेली सापडली, ती सीला लावली. स्क्रीन पूर्ण कोरी, बटण दाबून धरलं तरी काही नाही. ब्रेकर पडलेला नाही. जुना परत लावला की फर्नेस व्यवस्थित चालू होते. नवा पीस बदलून घेऊ का?

चोवीसव्होल्ट
थांबा, बदलू नका. तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात बरंचसं उत्तर आहे. जुन्यावर फर्नेस पेटते, म्हणजे घरच्या विजेचे 24 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, लाल आणि पांढरी वायर ठीक आहे. जुन्याची स्क्रीन सेलवर चालायची, त्यामुळे त्याला सीची गरजच नव्हती. नव्याला लालमधून वीज येते, पण परतीची वाट निळीतून हवी. ती वाट तुटलेली आहे.

बऱ्याच घरांत पाच वायरींची केबल ओढलेली असते, पण बसवणारा चारच जोडतो. पाचवी दोन्ही टोकांना नुसती गुंडाळून सोडलेली. तुम्ही भिंतीकडचं टोक जोडलंत, फर्नेसकडचं अजून लोंबकळत असणार. खाली पॅनेल काढून केबलचं वरचं आवरण जिथे संपतं तिथे बघा; निळी बहुधा उलटी वळवून आवरणाभोवतीच गुंडाळलेली असते.

त्याआधी खात्री करून घ्या. मल्टीमीटर नागमोडी रेघेच्या खुणेवर, 200 व्होल्टला. थर्मोस्टॅट काढून मागच्या प्लेटवर आर आणि सी मध्ये मापा, मग आर आणि जी मध्ये. 24 ते 28 व्होल्ट यायला हवेत.

एडिसनकर
फर्नेसचं दार काढलं की वीज तोडणारा आतला खटका टेप लावून दाबून ठेवला आणि मापलं. वर आर-जी 26 व्होल्ट. आर-सी मात्र 7. थोडी का होईना वीज येतेय ना? खाली फर्नेसच्या बोर्डवर आर-सी 26.

चोवीसव्होल्ट
ते 7 व्होल्ट म्हणजे भुताटकी. निळी कुठेच जोडलेली नसताना शेजारच्या वायरींमुळे तिच्यावर चढलेला नुसता आभास. डिजिटल मीटर तोही दाखवतो. त्यावर काहीही चालणार नाही. निळी खाली जोडा.

बोर्डवर सीच्या स्क्रूखाली आधीच एक वायर असेल. ती बाहेरच्या युनिटच्या कॉन्टॅक्टरला (एसी चालू-बंद करणाऱ्या स्विचला) जाते, ती काढू नका. निळी तिच्याच जोडीला दाबायची. वायर साधारण 8 ते 10 मिलिमीटरच सोला. तांबं स्क्रूबाहेर उघडं राहता कामा नये. आणि रंगावर विश्वास ठेवू नका, तीच निळी आहे का हे केबल बघून ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं: फर्नेसजवळ लाइटच्या बटणासारखा दिसणारा खटका असतो, तो बंद करून मगच हात घाला.

एडिसनकर
निळी सापडली, अगदी सांगितलंत तशी गुंडाळलेली. पण जोडताना स्क्रूड्रायव्हर आरला लागला, बारीक ठिणगी उडाली. आता वर स्क्रीन कोरीच, आणि जुना लावला तर त्याची स्क्रीन दिसते, टक असा आवाजही येतो, पण फर्नेस पेटत नाही.

फ्यूजबदलू
टेप काढायची राहिली ना? दार काढलं म्हणजे वीज गेली हे एरवी खरं, पण खटका दाबून ठेवला की बोर्ड जिवंत.

घाबरायचं कारण नाही, फ्यूज उडालाय. बोर्डवर गाडीत असतो तसा चपटा फ्यूज खोचलेला दिसेल. 3 अँपिअरचा जांभळा, 5 चा फिकट तपकिरी. उपसून उजेडात धरा, मधली पट्टी तुटलेली दिसेल. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. चार-पाच घ्या.

जितका होता तितकाच घाला. गाडीतला 10 चा घालून 'आजची रात्र काढू' म्हणणारे भेटतात. घरगुती फर्नेसचा ट्रान्सफॉर्मर बहुधा 40 व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) क्षमतेचा, म्हणजे 24 व्होल्टला जेमतेम 1.7 अँपिअरचा. मोठा फ्यूज घातला तर पुढच्या शॉर्टला फ्यूज वाचेल आणि ट्रान्सफॉर्मर जळेल.

नवा फ्यूज घालताच उडाला तर शॉर्ट अजून आहे. फर्नेसजवळचा खटका बंद करून बोर्डवरून थर्मोस्टॅटकडे जाणारी लाल काढा, मग नवा घाला. टिकला तर दोष वरच्या केबलमध्ये किंवा प्लेटवर. उन्हाळ्यात मात्र एसी सुरू होतानाच उडत असेल तर पिवळी वायर बघा. बाहेरच्या युनिटजवळ ती उंदीर कुरतडतात किंवा गवत कापायच्या यंत्राने कापली जाते. थंडीत पिवळीवर वीजच नसते, म्हणून तो दोष तेव्हा लपून राहतो.

तळघर
नवा थर्मोस्टॅट न लावताही ज्यांची स्क्रीन अचानक कोरी झालीय त्यांच्यासाठी. सेलचा असेल तर आधी सेल. नसेल तर फर्नेसचं दार नीट बसलंय का बघा. फिल्टर बदलल्यावर पॅनेल खालच्या खाचेत न बसता नुसतं टेकलेलं राहतं, आत खटका दाबला जात नाही आणि सगळं बंद. फ्यूज शाबूत असूनही वर वीज नसेल तर पाणी तपासा. अनेक घरांत एसी-फर्नेसमधून निघणाऱ्या पाण्याच्या ट्रेमधला फ्लोट स्विच (पाणी चढलं की बंद होणारा) लाल वायरची वीजच तोडतो. ट्रे भरला, स्क्रीन गेली. एसीच्या दिवसांत हा प्रकार जास्त, पण 90 टक्क्यांवरच्या कार्यक्षमतेची फर्नेस थंडीतही पाणी काढते, आणि बाहेर जाणारी नळी गोठली की तेच. निचरा साफ करा, स्विच बायपास करू नका.

भिंतीत दोन किंवा चार जाड वायरी प्लास्टिकच्या टोप्यांनी जोडलेल्या दिसल्या तर यातलं काहीच करू नका. तो विजेच्या बेसबोर्ड हीटरचा थर्मोस्टॅट, 120 किंवा 240 व्होल्टचा. हे सगळं फक्त 24 व्होल्टवाल्यांसाठी.

एडिसनकर
जांभळा 3 चा फ्यूज घातला, या वेळी खटका बंद करून आणि टेप काढून. आर-सी वर 26. स्क्रीन आधी काळी, मग चार्जिंगची खूण, थोड्या वेळाने सुरू. टेपचं भेंडोळं जिन्याखालच्या पेटीत परत ठेवलंय. आभार.