मदत हवी आहे: एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू असलेल्या बहिणीसाठी मानसोपचार

माझी मोठी बहीण चार वर्षं एआरटीवर आहे. टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) गोळी एकदाही चुकलेली नाही, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे. शरीराची काळजी नाही, मनाची आहे. तीन महिने झोप नाही, जेवण अर्धं. स्वतःचा कप ती वेगळा विसळून खिडकीत पालथा घालते. चहाच्या कपातून काही होत नाही हे आम्ही सगळे जाणतो, तीही जाणते, तरी ठेवते. जीव देण्याचं बोलत नाही, मी सरळ विचारलं आहे.

त्या गोळीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाने झोप उडू शकते म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीऐवजी सकाळी केली. थोडाच फरक. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकताई चांगल्या आहेत, पण बाहेर रांग असते, बोलणं गोळ्या मोजण्यापलीकडे जात नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) दोनदा फोन केला, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा म्हटलं.

अडचण इथेच आहे. तालुक्याच्या गावात सगळे ओळखीचे, म्हणून ती तिथे जाणार नाही. जिल्हा रुग्णालयात फक्त एआरटीच्या तारखेला जाता येतं, सासरी दुसरं कारण सांगता येत नाही. डॉक्टरांपासून लपवायचंही नाही, कारण कार्बामाझेपिनसारख्या मानसोपचारातल्या काही गोळ्यांनी डोल्युटेग्राव्हिरचा असर कमी होतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता आहे, पण केसपेपर चार हातांतून फिरतो.

एआरटीच्याच दिवशी मानसोपचार विभागात कोणी दाखवलंय का? केसपेपरवर उघड न लिहिता डॉक्टरांना चालू औषधं कशी कळवली?